बोटीचा ट्रेलर लेव्हलला राहत नाही? आधी वजन बघा, मग बॉलची उंची

अंगणात जोडला तेव्हा ट्रेलर अगदी आडवा होता. तळ्यावर जाऊन आल्यावर पाहावं तर त्याचं तोंड वर गेलेलं. किंवा उलट: गाडीचा मागचा भाग बसलेला आणि जॅकचं चाक रस्त्याला टेकायच्या बेतात. मग वेगळ्या ड्रॉपचा बॉल माउंट (गाडीमागे बॉल धरणारी दांडी; ती बॉलला जितकं खाली नेते तो ड्रॉप) आणला जातो, एक-दोन खेपा बऱ्या जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. टेक्सासातलं लेक ट्रॅव्हिस असो की जॉर्जियातलं लेक लॅनिअर, एसयूव्हीमागे १८-२० फुटी बोट ओढणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. खालची माहिती त्याच मापासाठी आहे, म्हणजे ट्रेलर, बोट, इंजिन आणि इंधन मिळून साधारण ३,००० ते ५,००० पाउंड.

दुखणं परत परत उलटतं, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. एक आहे कपलरची उंची; कपलर म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी. दुसरी आहे टंगचं वजन, म्हणजे ट्रेलरची पुढची दांडी गाडीच्या बॉलवर किती भार टाकते ते. बॉल वर-खाली केल्याने उंची सुधारते, वजन सुधारत नाही.

आकडे पाहा. समजा कपलरपासून ॲक्सलपर्यंत १६ फूट, म्हणजे १९२ इंच आहेत. सामान-इंधनासकट बोट ३,००० पाउंड, ट्रेलर ९०० पाउंड, एकूण ३,९००. गुरुत्वमध्य ॲक्सलच्या २ फूट वर आहे. कपलर ३ इंच वर उचलला तर गुरुत्वमध्य पाऊण इंचाच्याही निम्मा, म्हणजे ०.३७५ इंच मागे सरकतो, आणि टंगचं वजन जेमतेम ८ पाउंडांनी कमी होतं. आता कपलर होता तिथेच ठेवा आणि बोट बंकांवर (बोट ज्यांवर टेकते त्या ट्रेलरच्या लांब फळ्यांवर) ६ इंच मागे सरकू द्या. ३,००० गुणिले ६ भागिले १९२, म्हणजे टंग ९४ पाउंडांनी हलकी. ट्रेलर हायवेवर झुलायला लागतो तो या ९४ मुळे. बैलगाडी उलाळ झाली की जू कितीही नीट बांधलं तरी उपयोग नसतो, सामान पुढे घ्यावं लागतं, तसंच हे आहे.

म्हणून क्रम असा: आधी बोट ट्रेलरवर नेहमी त्याच जागी बसते का ते बघायचं, मग टंगचं वजन, मग गाडी किती दबते, आणि बॉल माउंट सगळ्यात शेवटी.

जाताना बरोबर, येताना उलाळ

हे लक्षण असेल तर बॉल माउंटला हात लावू नका. दोष बहुधा रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर आहे.

सार्वजनिक रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के असतो. ट्रेलर खोल पाण्यात घातला की तो मागे झुकलेला आणि बोट मात्र पाण्यावर आडवी तरंगत असते. विंचने (ट्रेलरच्या पुढच्या खांबावरच्या, पट्टा गुंडाळणाऱ्या रहाटाने) ओढून बोटीचं नाक रबरी स्टॉपला टेकवलं की काम झालं असं वाटतं. पण ट्रेलर वर निघताना बोटीचा मागचा भाग खाली बंकांवर बसतो, नाक वर आणि मागे जातं. त्यात पट्टा ताणतो. वर पोचेपर्यंत नाक आणि स्टॉप यांच्यात दोन ते सहा इंचांची फट पडलेली असते. ती दर खेपेला वेगळी असते, म्हणूनच ट्रेलरही दर खेपेला वेगळा दिसतो.

उपाय: ट्रेलर कमी खोल घाला. बंकांचा पुढचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर राहिला पाहिजे, म्हणजे विंच ओढतानाच बोट बंकांवर बसत येते. मग गाडी हळू पुढे घेऊन बोटीचा मागचा भाग बसला पण बंकांचं मागचं टोक अजून ओलं आहे, अशा ठिकाणी थांबा, पार्किंग ब्रेक ओढा आणि पट्ट्याची ढील पुन्हा काढून घ्या. वर कोरड्यावर गेल्यावर हे करू नये. कार्पेट लावलेल्या बंकांवर ३,००० पाउंडांची बोट विंचने ओढली तर पट्टा किंवा विंचचे दाते जातात.

बोटीच्या नाकावरची लोखंडी कडी स्टॉपच्या खाली यायला हवी. ती स्टॉपच्या वर येत असेल तर विंचचा पट्टा बोटीला पुढे ओढण्याऐवजी खाली ओढत राहतो आणि ब्रेक दाबला की बोट स्टॉपवर चढते. विंच पोस्टवरचा स्टॉप वर-खाली करता येतो, तो नीट करून घ्या. विंचच्या पट्ट्याखेरीज कडीपासून पोस्टपर्यंत वेगळी साखळी, आणि मागे ट्रान्समला (बोटीच्या सपाट मागच्या भिंतीला) दोन पट्टे हवेतच. ते रॅम्पवरून वर आल्यावर, रस्त्याला लागण्याआधी आवळायचे.

बोट नेमक्या जागी बसल्यावर ट्रान्समची कड आणि बंकचं मागचं टोक यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून ट्रेलरच्या चौकटीवर रंगाने लिहून ठेवा. पुढे रॅम्पवरून बाहेर आल्यावर टेप लावायला अर्धा मिनिट लागतो, आणि आजची बोट कालच्याच जागी आहे की नाही हे तिथेच कळतं.

येताना टंग हलकी होण्याची बाकीची कारणं पाण्याची आहेत. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड भरतं. मागच्या बाजूची २० गॅलनची मासे ठेवायची टाकी भरलेली राहिली तर १६७ पाउंड थेट ॲक्सलच्या मागे बसतात. वेकबोर्ड बोटींच्या बॅलास्ट (वजनासाठी पाणी भरायच्या) पिशव्यांचंही तेच. तळातल्या ड्रेन प्लगमधून बिल्ज (बोटीच्या तळाची पाणी साचायची जागा) पूर्ण रिकामं झाल्याशिवाय रॅम्पचं आवार सोडू नका. अनेक राज्यांत आक्रमक जलचर पसरू नयेत म्हणून कायद्यानेही प्लग काढून पाणी सोडावं लागतं. पेट्रोल गॅलनला साधारण ६ पाउंड, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरलेली आणि रिकामी यांत १८० पाउंडांचा फरक. टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे ते बोटीच्या आराखड्यात बघा. पुढे असेल तर रिकामी झाल्यावर टंग हलकी होते, मागे असेल तर जड.

जुन्या फायबरग्लास बोटीत आणखी एक शक्यता असते: तळातला फोम पाणी पिऊन बसतो. ते पाणी प्लग काढून निघत नाही. दर वर्षी तीच बोट तितक्याच सामानासह जास्त भरू लागली तर संशय इथेच घ्यायचा.

टंगचं वजन घरी मोजणं

हायड्रॉलिक टंग स्केल मिळतो, पण घरचा वजनकाटाही पुरतो. सपाट जागेवर चाकांना मागून-पुढून चॉक (अडवायच्या पाचरी) लावा. साडेतीन-चार फुटी जाड लाकूड (४×४ चालेल) घेऊन त्याखाली एका बाजूला विटेवर पाइपचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला वजनकाट्यावर पाइपचा तुकडा ठेवा. दोन पाइपांमधलं अंतर बरोबर ३ फूट, आणि दोन्ही एकाच उंचीवर. आता कपलर विटेकडच्या पाइपपासून १ फुटावर, म्हणजे काट्याकडच्या पाइपपासून २ फुटांवर टेकवा. काट्यावर नुसत्या लाकडाचा आलेला आकडा आधी वजा करा आणि उरलेल्याला ३ ने गुणा. काटा ११० दाखवत असेल तर टंग ३३० पाउंड.

दोन गोष्टी चुकवू नका. कपलर गाडीला जोडताना ज्या उंचीवर असतो त्याच उंचीवर मोजायचा, खाली ठोकळे रचून. आणि वजन कपलरखाली घ्यायचं, जॅकखाली नाही. जॅक कपलरच्या २ फूट मागे असेल तर १६ फुटांच्या ट्रेलरवर आकडा सुमारे १४ टक्क्यांनी फुगतो. तेवढ्या फरकाने हलकी टंगही ठीक वाटू शकते, आणि तिथेच धोका आहे.

आकडा किती हवा? बोटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के चांगले. आपल्या ३,९०० पाउंडांच्या उदाहरणात २७३ ते ३९०. ट्रेलरच्या पुस्तिकेत वेगळी टक्केवारी दिली असेल तर तीच खरी. वरची मर्यादा मात्र हिच (गाडीमागची सगळी जोडणी) ठरवतो. रिसीव्हरवरचं (बॉल माउंट ज्यात घालतात त्या गाडीखालच्या चौकोनी नळीवरचं) लेबल, बॉल माउंटवरचा शिक्का, बॉलवरचा शिक्का आणि गाडीची पुस्तिका, या चारांत जो आकडा सर्वांत लहान तो तुमचा आकडा.

एकूण वजन मात्र घरी मोजता येत नाही. जाहिरातीतलं 'ड्राय वेट' धरून हिशेब केला तर तो चुकतोच, कारण त्यात इंधन, सामान आणि ट्रेलर नसतात. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा काटा, असतो. तिथे एकदा जोडलेल्या अवस्थेत आणि एकदा त्याच माणसांसह, तेवढ्याच इंधनासह नुसती गाडी तोला. गाडीच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेत पडलेला फरक म्हणजे टंगचं वजन, आणि तो फरक अधिक ट्रेलरच्या चाकांवरचं वजन म्हणजे एकूण.

वजन दुरुस्त करायचं तर

आधी सुटं सामान हलवून बघा. नांगर, बर्फाची पेटी, जास्तीची बॅटरी पुढे-मागे करूनच ४०-५० पाउंड सापडतात. तेवढ्याने भागत नसेल तर विंच पोस्ट हलवायचा. त्याचे यू-बोल्ट ढिले करून पोस्ट पुढे घेतला की बोट पुढे बसते आणि टंग जड होते. किती सरकवायचं ते आधी काढता येतं: हवा तेवढा फरक गुणिले कपलर ते ॲक्सल अंतर, भागिले बोटीचं वजन. ६० पाउंड वाढवायचे असतील तर ६० गुणिले १९२ भागिले ३,०००, म्हणजे जवळजवळ ४ इंच.

पोस्ट मागे घेताना मात्र जपून. ट्रान्सम बंकांच्या टोकाबाहेर लटकता कामा नये. इंजिनाचं सगळं वजन तिथेच असतं आणि आधाराविना बोटीचा तळ त्या रेषेत कायमचा वाकतो. मग बोट पाण्यावर नाक खुपसून चालते आणि वेग धरत नाही. टंग फार जड असून पोस्ट मागे घ्यायला जागा नसेल, तर ॲक्सलच पुढे सरकवावा. ॲक्सल मागे नेला की टंग जड, पुढे आणला की हलकी. हलवल्यावर कपलरच्या मध्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर सारखं आलं पाहिजे, इंचाच्या आठव्या भागापेक्षा जास्त फरक नको, नाहीतर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर एका कडेने झिजतात. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, तेही बघा.

गाडी बसते ती कुठपर्यंत चालेल

चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडण्याआधी आणि नंतर मोजा. मागे एक-दीड इंच दबणं साहजिक आहे. पुढची कमान अर्ध्या इंचापेक्षा जास्त उचलली गेली तर पुढच्या चाकांवरचा भार कमी झालाय, स्टिअरिंग हलकं लागेल आणि रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर जातील.

इथे बरेच जण टंगचं वजन तपासतात आणि पेलोड विसरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते लिहिलेलं असतं. टंगचं वजन त्यातच मोजायचं. पाच माणसं ७५० पाउंड, सामान १५०, टंग ३५०, झाले १,२५०. अनेक मध्यम आकाराच्या एसयूव्ही इथेच मर्यादेला टेकतात. तिसऱ्या रांगेत माणसं बसली की गाडीचा मागचा भाग सगळ्यात जास्त बसतो, कारण ते वजन मागच्या ॲक्सलवर किंवा त्याच्या मागे येतं. जाताना सात जण आणि येताना चार असतील तर ट्रेलरचं तोंड वर दिसणारच. ट्रेलरमध्ये दोष शोधण्याआधी गाडीत कोण बसलं होतं ते आठवा.

स्प्रिंगच्या आतल्या हवेच्या पिशव्या गाडीचा मागचा भाग उचलतात आणि ट्रेलर आडवा दिसू लागतो. पण त्यांनी पेलोड एका पाउंडानेही वाढत नाही आणि पुढच्या चाकांवरून उडालेला भार परत येत नाही. वजन मर्यादेत असून स्प्रिंग मऊ असतील तरच त्यांचा उपयोग. भार पुढे परत आणणारा वेट डिस्ट्रिब्युशन हिच बोटीच्या ट्रेलरला सहसा बसत नाही: एकच दांडी असलेल्या टंगला त्याचे ब्रॅकेट लागत नाहीत, आणि सर्ज ब्रेकबरोबर (गाडी थांबताना ट्रेलरच्या रेट्याने लागणारे ब्रेक) तो चालतो असं ब्रेक आणि हिच दोन्हींच्या कंपन्यांनी लेखी सांगितलं नसेल तर लावूच नये.

आता उंची

सर्वाधिक चूक इथेच होते. रिसीव्हरची उंची रिकाम्या गाडीवर मोजली जाते. रिसीव्हर रिकाम्या गाडीवर १९ इंचांवर आहे, ट्रेलर आडवा असताना कपलर साडेपंधरावर. फरक साडेतीन, म्हणून ४ इंच ड्रॉपचा माउंट आणला. पण माणसं, सामान आणि टंगचं वजन आल्यावर रिसीव्हर दीड इंच खाली, साडेसतरावर येतो. खरी गरज २ इंचांची होती. आता ट्रेलर २ इंच तोंड खाली घालून चालेल.

बरोबर पद्धत:

१. गाडी आणि ट्रेलर एकाच सपाट काँक्रीटवर आणा. घरापुढचा ड्राइव्हवे दिसतो सपाट पण रस्त्याकडे उतरता असतो. मोठ्या दुकानाचा पार्किंग लॉट बरा. दोघांच्याही टायरची हवा थंड असताना नेमकी करा. ट्रेलरचे एसटी (स्पेशल ट्रेलर) टायर साधारण कडेवर लिहिलेल्या कमाल दाबाला भरतात.

२. बोट भरलेली ठेवून ट्रेलर जॅकवर आडवा करा. स्पिरिट लेव्हल ट्रेलरच्या सरळ लांब चौकटीवर ठेवा. टंगचा भाग बऱ्याच ट्रेलरांत वर वळवलेला असतो, आणि बोटीची वरची कड नाकाकडे चढती असते. या दोन्हींवर लेव्हल लावली तर हमखास फसाल.

३. जमिनीपासून कपलरच्या खालच्या कडेपर्यंत मोजा.

४. गाडीत नेहमीची माणसं आणि सामान भरा, आहे त्या माउंटने ट्रेलर जोडा, आणि त्या अवस्थेत जमिनीपासून रिसीव्हरच्या चौकोनी तोंडाच्या आतल्या वरच्या कडेपर्यंत मोजा. हवेचं सस्पेन्शन असेल तर इंजिन चालू ठेवून, गाडी स्वतः सावरल्यावर.

५. चौथ्यातून तिसरं वजा केलं की उरतो तो ड्रॉप. उत्तर उणे आलं तर राइझ, म्हणजे बॉल वर नेणारा माउंट, लागेल. ड्रॉप शँकच्या (माउंटच्या रिसीव्हरमध्ये जाणाऱ्या भागाच्या) वरच्या बाजूपासून बॉल जिथे बसतो त्या पट्टीच्या वरच्या बाजूपर्यंत मोजतात. राइझ कुठून मोजला आहे ते पेटीवरच्या आकृतीत बघून घ्या.

एक-एक इंचावर भोकं असलेला ॲडजस्टेबल माउंट महाग असतो, पण दोन गाड्या किंवा माणसांची संख्या बदलती असेल तर तोच घ्यावा. एका ॲक्सलच्या ट्रेलरला अर्धा-एक इंच तोंड खाली चालतं. तोंड वर असलं तर मागे आउटड्राइव्हचा (इंजिनाचा पाण्यात राहणारा, बोट ढकलणारा भाग) पंखा आणि त्याखालचा सुळका रस्त्याच्या खाचखळग्यांत आणि ड्राइव्हवेच्या चढावर घासतो. बोट अंगणात उभी करताना मात्र तोंड भरपूर वर आणि प्लग काढलेला, म्हणजे पावसाचं पाणी मागून निघून जातं.

दोन ॲक्सल असतील तर इंचाला इंच महत्त्वाचा

वर म्हटलं की उंचीने टंगच्या वजनात फारसा फरक पडत नाही. ते एका ॲक्सलपुरतं. दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये उंची ठरवते की कोणता ॲक्सल किती ओझं उचलेल. पाट्यांच्या स्प्रिंगच्या ट्रेलरला मध्ये इक्वलायझर नावाची झुलती पट्टी असते, ती दोन्हींत भार वाटते, त्यामुळे थोडी चूक खपते. टॉर्शन ॲक्सलला (ज्यात स्प्रिंगऐवजी आत रबर असतं) अशी वाटणी नसते. प्रत्येक ॲक्सल आपल्या रबरावर स्वतंत्र. ॲक्सलमध्ये ३४ इंच अंतर असेल आणि कपलर ३ इंच वर असेल तर मागचा ॲक्सल पुढच्यापेक्षा अर्ध्या इंचाहून थोडा जास्त दाबला जातो. टॉर्शनचं रबर पूर्ण ओझ्याखाली दबतंच मुळी काही इंच, तेव्हा हा अर्धा इंच म्हणजे शेकडो पाउंडांचा फरक.

ओळखायचं कसं: २० मैल चालवून थांबा आणि चारही हबांचं (चाकांच्या मधल्या भागांचं) तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. दोन्ही मागचे पुढच्यांपेक्षा सारख्याच प्रमाणात गरम असतील तर तोंड वर आहे, दोन्ही पुढचे गरम असतील तर तोंड खाली. एकच हब गरम असेल तर ती उंचीची भानगड नाही. बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक आहे, तिथेच उघडून बघा.

सर्ज ब्रेक असेल तर कपलरमागचा सरकता भागही आडवा लागतो. तो तिरका राहिला की सरकताना अडतो: कधी ब्रेक उशिरा लागतात, कधी लागलेले सुटत नाहीत.

सगळं बरोबर करूनही वर्षभरात पुन्हा बिघडतं

तर ट्रेलरच बदललाय. खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पाट्या आतून गंजून पातळ होतात. बाहेरून रंग शाबूत दिसतो, म्हणून दोन पाट्यांमधला फुगवटा बघा. टॉर्शन ॲक्सलचे दोन्ही बाहू एकाच कोनात आहेत का ते बाजूने पाहा. एक जास्त आडवा झाला असेल तर त्या बाजूचं रबर गेलं, आणि पूर्ण ॲक्सल बदलण्याखेरीज इलाज नाही. टायर बदलताना माप बदललं का? एसटी १७५/८० आर १३ चा व्यास साधारण २४ इंच, एसटी २०५/७५ आर १४ चा २६. म्हणजे ॲक्सल आणि चौकट १ इंच वर गेली, कपलर मात्र बॉलवर तिथेच राहिला.

बॉल माउंट बदलला की बॉलचं नट टॉर्क रेंचनेच आवळा: बॉलच्या पाऊण इंची शँकला (खालच्या आटे असलेल्या दांड्याला) १६० फूट-पाउंड, १ इंचीला २५०, सव्वा इंचीला ४५०, किंवा बॉलच्या कागदावर असेल तो आकडा. उंची बदलल्यावर सुरक्षा साखळ्यांची लांबीही बदलते. त्या कपलरखाली फुलीसारख्या एकमेकींवरून घेतलेल्या, वळणावर न ताणणाऱ्या आणि रस्त्याला न लागणाऱ्या हव्यात. ब्रेकअवे तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि दिव्यांची वायर गाडी पूर्ण वळवून तपासा. विंच पोस्टचे आणि ॲक्सलचे यू-बोल्ट पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा आवळा. गॅल्व्हनाइज्ड चौकटीवर ते सुरुवातीला थोडे बसतात आणि ढिले पडतात.

आणि वाटेत ट्रेलर झुलायला लागलाच तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने त्याच्यामागे धावू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, चाक सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. मग बाजूला थांबून सगळ्यात आधी बोटीचं नाक स्टॉपला टेकलेलं आहे का ते बघा.